पाटूस

सोमवार, ता. ६

चिमे,

आशीर्वाद मागाहून लिहीन. आधी एवढं सांगते की मी धडधाकट आहे, कोणी गेलेलं नाही आणि हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. एकोणीस वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हटल्यावर तुला भलतंसलतं वाटणार, म्हणून पहिल्या ओळीतच खुशाली.

गेल्या महिन्यात मी रिटायर झाले. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे चौतीस वर्षं उभी होते, शेवटच्या दिवशी बसवलं. भाषणं झाली, केक झाला. मला वाटलं आता भिंतीवरचं घड्याळ देतील, तर एक पाकीट हातात ठेवलं. आत सहलीचा कागद. शनिवार-रविवार, चार वाइनरी, राहणं-खाणं सगळं त्यात. आणि हे कोणाला, तर मला. कफ सिरपच्या बाटलीवर 'अल्कोहोल' वाचून जी नाक मुरडते तिला.

लॅबवाली म्हणाली, "ताई, तुम्हाला कोण प्यायला सांगतंय? तुम्ही हवा खा. प्यायचं आम्ही बघतो." म्हणजे निमित्त माझं आणि चैन यांची. आयत्या बिळावर नागोबा सगळे. पण चौतीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना नाही कसं म्हणायचं? गेले.

आम्ही चौघं होतो. मी, लॅबवाली, आमचा हेडक्लार्क आणि त्याची बायको. हेडक्लार्कनं आठवडाभर मोबाइलवर वाइनचा अभ्यास केला होता. पहिल्या ठिकाणी मोठी काचेची खोली होती आणि इस्त्रीच्या कपड्यांतली एक मुलगी. तिनं शिकवलं, ग्लास दांड्याला धरा, फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा आणि मग या भांड्यात थुंका. हेडक्लार्क म्हणाला, "थुंकायचं? एवढ्या लांब आलो ते थुंकायला?" दिवसभर तो एकदाही थुंकला नाही. दुपारनंतर त्याला प्रत्येक ग्लासात चामड्याचा वास यायला लागला. पुस्तकात म्हणे असतो तसा. शेवटी त्याची बायको म्हणाली, "अहो, ते तुमचे बूट आहेत. टेबलाखाली काढून ठेवलेत तुम्ही."

मी घोट घेऊन थुंकत होते. एक थेंब आत जाऊ दिला नाही. पण नाक कुठे ठेवणार? औषधांत मुरलेलं नाक ते. दुसऱ्या ठिकाणी मी त्या माणसाला म्हटलं, "याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." त्याला वाटलं बाई काहीतरी बोलतेय. मग त्यानं स्वतः हुंगलं, म्हणाला बूच खराब निघालं, आणि बाटली बदलून आणली. तेव्हापासून लॅबवाली आपला ग्लास आधी माझ्या नाकाखाली धरायची आणि विचारायची, "ताई, पास का नापास?"

रविवारी सकाळी चौथी जागा. फाटकावरचं नाव वाचलं तेव्हा कळलं की ती तुमची. योगायोग म्हणायचा. तू नव्हतीस. बरंच झालं. तुझ्या नवऱ्यानं मला ओळखलं नाही, मीही काही बोलले नाही. जागा नीटनेटकी आहे. वाइन चांगली आहे म्हणतात. मी थुंकली.

आमचं आगतस्वागत नीट केलंत, म्हणून आभार. तेवढ्यासाठीच लिहिलं.

ताई


मंगळवार, ता. ७

चिमे,

कालचं पत्र टाकलं नाही. टपालपेटीपर्यंत गेले, पाकीट फटीत अर्धं घातलं आणि काढून घेतलं. मागे एक गृहस्थ उभे होते, त्यांना वाटलं बाईला पेटी वापरता येत नाही. त्यांनी मदतीला हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू द्या, पत्रच चुकलंय."

चुकलंच होतं. खिडकीवर मी चुकीचं औषध कोणाला दिलं नाही आणि तुला एका पानात तीन खोट्या गोष्टी लिहिल्या. आता एकेक दुरुस्त करते.

योगायोग वगैरे काही नाही. सहलीच्या कागदावर चार नावं होती आणि चौथं तुमचं. केक खाताना वाचलं, घास घशात अडकला, लॅबवालीनं पाठीत धपाटे घातले. त्या नावासाठीच मी हो म्हटलं. रविवारी सकाळी तीनदा कपडे बदलले. लॅबवाली म्हणाली, "ताई, हवाच खायची आहे ना? मग हवेसाठी एवढं नटायचं कशाला?" मी तिच्यावर उगाच खेकसले.

तुझ्या नवऱ्याला मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा माझ्या दारात, आणि दोन्ही वेळा आत या म्हटलं नव्हतं. आता केस पांढरे झालेत त्यांचे. टाकी धुता धुता आले होते, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाही ओली. तुमची ती चव घ्यायची खोली बघून मला बरं वाटलं. उगाच झगमगाट नाही. फळ्यांचं लांब टेबल, भिंतीशी बेसिन, धुतलेले ग्लास फडक्यावर उपडे घातलेले, एक फळा आणि खडू. ते म्हणाले, "वाइन बायको करते, मी नुसतं बोलतो. ती मुलीला कॉलेजच्या होस्टेलवर सोडायला गेलीय, मंगळवारी येईल. त्यामुळे आज तुमच्या वाट्याला बोलणं जास्त येणार."

मुलीला. होस्टेलवर जाण्याएवढी मुलगी आहे तुला आणि मला माहीत नाही. मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

मग त्यांनी एक थंड पांढरी वाइन ओतली आणि खडू उचलला. म्हणाले, "आमच्याकडे पुस्तकातले शब्द चालत नाहीत. तुम्हाला जो वास येईल तो तुमच्या घरच्या शब्दात सांगा. मी लिहितो." हेडक्लार्क म्हणाला, चामडं. त्यांनी न हसता लिहिलं. त्याच्या बायकोला हिरव्या सफरचंदाच्या सालीचा वास आला. लॅबवाली म्हणाली, "इंजेक्शनच्या आधी पुसतात तो बोळा." तेही लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. मी ग्लासात नाक घालून बसले होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाटूस."

चिमे, मी ठरवून नाही बोलले. तो वासच तसा होता.

तू चार वर्षांची होतीस, मी सोळाची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तुला अक्षरं गिरवायला मी बसवायचे. ओल्या फडक्यानं पाटी पुसली की तू लिहायचं सोडून तिच्यावर नाक टेकायचीस. त्याच सुमाराला मी तुला शिकवलं होतं की जरासं आंबट ते आंबूस आणि जरासं तांबडं ते तांबूस. तू पाटी हुंगून म्हणालीस, "मग हा वास पाटूस." मी हसून हसून लोळले. तेव्हापासून आपल्या घरात धुतलेली फरशी पाटूस, भिजलेली पायरी पाटूस, रांजणाचा तळ पाटूस. आई गेली, बाबा गेले, आणि हा शब्द येणारी जगात दोनच माणसं उरली. एक तू आणि एक मी, असं मी धरून चालले होते.

त्यांनी फळ्यावर 'पा' लिहिलं आणि खडू थांबला. पाठ आमच्याकडे होती. हेडक्लार्कला वाटलं त्यांना शब्द ऐकू आला नाही, त्यानं मोठ्यानं पुन्हा सांगितला. त्यांनी 'टूस' लिहिलं, खडू ठेवला, हात पुसले. कोपऱ्यातली खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली आणि म्हणाले, "बसा, ताई."

मला सगळेच ताई म्हणतात, डॉक्टरसुद्धा. म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं. बसले.

म्हणजे तुझ्या नवऱ्यानं मला ओळखलं. ही दुसरी दुरुस्ती. तू आज घरी परतली असशील. त्यांनी तुला काही सांगितलं नसेल, तसं आमचं ठरलंय. कसं ठरलं ते आज नाही लिहवत.

ताई


शुक्रवार, ता. १०

चिमे,

तीन दिवस घर आवरलं. बरण्या घासल्या, माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या, पुसल्या, परत चढवल्या. लिहायचं टाळायचं असलं की बाईला बरण्या दिसतात.

आता त्या दिवसाचं पुढचं. बाकीच्यांना मुकादमाबरोबर मळा बघायला पाठवलं आणि तुझे हे म्हणाले, "ताईंना ऊन बाधेल. त्यांना मी आत टाक्या दाखवतो." आत गारवा होता, जमीन ओली, नळी वेटोळं करून ठेवलेली. दोन क्रेट पालथे घालून आम्ही समोरासमोर बसलो. मी ताठ बसले होते. म्हटलं, "मी फक्त बघायला आले होते. कोणाला त्रास द्यायचा नव्हता. बघून झालं, जाते."

ते म्हणाले, "जा की. मी कोण अडवणारा? पण तुमच्या पाकिटांबद्दल एक सांगू का?"

मला वाटलं, आली वेळ. आता माझे वाभाडे निघणार.

तुला काय सांगू, तुझं तुलाच ठाऊक. दर वर्षी माझ्या वाढदिवसाच्या सुमाराला तू पत्र टाकायचीस. मी ते न उघडता पाकिटावर लिहायचे, 'या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही', खाली दोन रेघा मारायचे आणि पाकीट परत पेटीत. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला. चौतीस वर्षं डॉक्टरांचे कोंबडीचे पाय वाचून औषधं दिली. कुठलं अक्षर कोणाचं ते झोपेत सांगितलं असतं. आणि जिला पाटीवर अ गिरवायला मी शिकवलं, ती माझं अक्षर ओळखेल हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

ते म्हणाले, "पहिलं पाकीट परत आलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही घर सोडलंत. ती पाकीट घेऊन खिडकीशी गेली आणि हसायला लागली. म्हणाली, अहो, हे तिनंच लिहिलंय. हात बघा कसा स्थिर आहे, रेघासुद्धा मारल्यात दोन. ताई बरी आहे."

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

"मग दर वर्षी तेच. ताई, तुम्ही वाचाल म्हणून ती पत्र टाकत नव्हती. ते परत यावं म्हणून टाकत होती. आलं की दिवसभर खुशीत. मागच्या वर्षी अक्षर वाकडंतिकडं आलं आणि तिनं आठवडाभर माझा जीव खाल्ला."

मागच्या वर्षी माझा उजवा हात मोडला होता, चिमे. बाथरूममध्ये घसरले. मी डाव्या हातानं लिहिलं होतं. आणि त्याच आठवड्यात आमच्या खिडकीवर कोणा बाईचा फोन आला होता. माझ्या हाताखालच्या पोरीनं घेतला. बाईनं विचारलं, तुमच्या त्या मोठ्या ताई कामावर येतात का. पोरगी म्हणाली, येतात, हात प्लास्टरमध्ये आहे पण आवाज ठणठणीत आहे. मी विचारलं, कोण होतं गं? ती म्हणाली, असेल कोणी पेशंट.

मी तुझा पाणउतारा करून पाठवत होते आणि तू त्यातून माझी खुशाली काढून घेत होतीस. एकोणीस वर्षं. हे ऐकल्यावर मी त्या क्रेटवर बसून रडले. नाक गळेपर्यंत रडले. तुझ्या नवऱ्यानं खिशातून रुमाल काढला, तो भिजका निघाला, मग शेल्फावरचं ग्लास पुसायचं फडकं दिलं. नंतर एवढंच म्हणाले, "तुमच्याबद्दल या घरात वाईट बोललं जात नाही. मी एकदा बोललो होतो. दोन दिवस मुकाट्यानं जेवलो."

यांना मी दारातून परत पाठवलं होतं. दोनदा.

मग त्यांनी टाकीचा छोटा नळ उघडून ग्लासात दोन घोट घेतले आणि मला दिले. म्हणाले, "थुंकायचं भांडं बाहेर राहिलं." मी म्हटलं, "राहू द्या." आणि गिळली. ही तिसरी दुरुस्ती. साठ वर्षांत पहिल्यांदा. गिळताना मी डोळे मिटून वाट बघत होते, की आता बाबांच्या तोंडाचा वास येणार, दारातली ती पडापड आठवणार, तू माझ्या मागे लपायचीस ते आठवणार. तसलं काही झालं नाही. थंड होती, जिभेला जराशी लिंबासारखी लागली, छातीत ऊब आली. तू केलेली आहेस म्हणून सांगते, चांगली आहे. म्हणतात म्हणून नाही. मी प्यायलेय.

निघताना ते म्हणाले, "पंचवीस तारखेला तोडणी सुरू होते. दर वर्षी हात कमी पडतात. मी तिला तुमचं काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही सांगा. पण तोडणीच्या आत सांगा. एकदा द्राक्षं आली की तिला खायला फुरसत नसते, रडायला कुठून असणार?"

गाडीत लॅबवालीनं विचारलं, डोळे का लाल झालेत. मी म्हटलं, वाइन चढली. सगळे इतके खूश झाले की काय सांगू. हेडक्लार्कनं टाळ्या वाजवल्या.

ताई


सोमवार, ता. १३

चिमे,

एक गोष्ट राहिलीय. चौथी दुरुस्ती. ती पहिल्या पत्रात नव्हतीच, ती एकोणीस वर्षांपूर्वीची आहे. ती न लिहिता तुझ्याकडे आले तर पाहुणी म्हणून येईन, चहा घेईन आणि जाईन. मला तसं यायचं नाही.

त्या दिवशी तू बॅग घेऊन दारात उभी होतीस आणि मी म्हणाले होते, "ज्यानं बाबांना नेलं तेच तू बाटलीत भरून विकणार? त्या घराचा उंबरा मी चढणार नाही." शेजारपाजारच्यांनी ऐकलं. सगळ्यांना पटलं. आत्यानं माझी पाठ थोपटली. बापाचे हाल जिनं बघितले ती मुलगी असं बोलणारच, असं सगळे म्हणाले, आणि मीही तेच म्हणत राहिले. इतकी वर्षं म्हटलं की आपलं आपल्यालाच खरं वाटायला लागतं.

पण ते खरं नव्हतं. तू मास्तरशी लग्न करते म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, तो उपाशी ठेवेल. फिरतीवरचा असता तर म्हटलं असतं, पायाला भिंगरी आहे. डॉक्टर असता तर विचारूच नकोस. मला दारूचा राग नव्हता, चिमे. तू निघाली होतीस, त्याचा राग होता.

बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. पुढची अठरा वर्षं आपण दोघीच. दोघींचा स्वयंपाक, दोघींचे कपडे, तुझी परीक्षा म्हणजे माझी परीक्षा. हाताला दोघींचाच अंदाज बसला होता. तू गेल्यावर कितीतरी दिवस माझं अन्न उरायचं, आणि सकाळी ते गरम करून खाताना मी तुलाच शिव्या द्यायचे. 'मला एकटीला टाकून जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं. पण एक्केचाळीस वर्षांच्या बाईनं, हॉस्पिटलात सगळ्यांना दरडावणाऱ्या बाईनं, असं म्हणायचं कसं? लाज वाटली. म्हणून बाबांना पुढे केलं. मेलेल्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवली, तो थोडाच नको म्हणणार होता.

आणि बंदूक इतकी बरोबर लागली की परत बोलवायची सोय राहिली नाही. चुकले म्हटलं असतं तर सगळे विचारणार, मग बाबांचं काय? त्यापेक्षा पाकिटावर रेघा मारणं सोपं होतं. तुझी मुलगी रांगली, चालली, बोलली, शाळेत गेली, आणि मी एका वाक्याची अब्रू राखत बसले. तिचं नाव काय ठेवलंत तेही मी तुझ्या नवऱ्याला विचारलं नाही. विचारायचा हक्क वाटला नाही.

माफ कर म्हणून लिहितेय, पण त्याहून जास्त उपकार मानायला लिहितेय. मी दार लावलं तरी तू दर वर्षी येऊन कडी वाजवलीस. दुसरं कोणी असतं तर दोन पाकिटांनंतर हात टेकले असते.

ही चारही पत्रं एकाच पाकिटात घालतेय. पहिलं खोटं आहे, तेही राहू दे. मी कशी सुरुवात करते ते तुला माहीतच आहे. पत्ता माझ्याच अक्षरात आहे. उघडायचं की तसंच परत पाठवायचं, तुझ्या मनावर. परत पाठवलंस तर मी रागावणार नाही. रागवायला माझ्याकडे तोंड नाही.

ताई


रविवार, ता. १९

चिमे,

काल फोनवर आपण अर्धा तास बोललो आणि आज मी तुला पत्र लिहितेय. मेहुणे म्हणतील, या दोघी बहिणी टपालखातं चालवणार. पण एक गोष्ट फोनवर बोलता आली नाही.

आधी सांगते, पाच दिवस मी खिडकीत बसून टपालवाल्याची वाट बघितली. तो कधी नव्हे तो रोज आमच्या फाटकाशी थांबला. एकदा विजेचं बिल, एकदा पेन्शनच्या ऑफिसचा कागद, एकदा शेजाऱ्यांचं चुकून. दर वेळी वाटायचं, आपलं पाकीट परत आलं. वर्षानुवर्षं तुझ्या दारात तेच होत होतं आणि तू हसत होतीस, हे मला अजूनही उमगत नाही.

मग काल दुपारी फोन वाजला. तू "ताई" म्हणालीस. तुझ्याकडे मागे पाणी वाहत होतं, टाकी धूत होतीस वाटतं. मग तू विचारलंस, "हात कसा आहे?" मी म्हटलं, "हात बरा आहे. बाकीची मी कशी आहे ते विचार."

तू हसलीस. तुझं हसू तसंच आहे, शेवटी नाकात जाणारं.

मी विचारलं, "चौथं पत्र वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

तू म्हणालीस, "ते मला माहीत होतं गं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तू बाबांवरून ओरडत होतीस आणि माझ्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला होतास. दोन्ही हातांनी. मला तो सोडवून घ्यावा लागला, ताई. एकेक बोट."

मला हे आठवत नव्हतं. तू सांगितलंस आणि बोटांना आठवलं.

मी म्हटलं, "मग तेव्हाच तोंडावर का नाही म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

आणि तू म्हणालीस, "म्हटलं असतं तर तुझ्याजवळ काय उरलं असतं? मी तर जाणारच होते. तू एकटी राहणार होतीस. म्हटलं, राहायचंच आहे तर ताठ मानेनं राहू दे. चूक माझ्याकडे असू दे."

यावर मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मी विचारलं, तुमच्याकडे बस किती वाजता पोचते.

म्हणून हे पत्र. चिमे, मी सगळ्यांना सांगत आले की मी धाकट्या बहिणीला वाढवलं. आईच्या माघारी, बापाच्या माघारी, पोटाला चिमटा काढून. लोक म्हणायचे, धन्य आहे बाई, आणि मी मान डोलवायचे. आणि तू एकोणतीस वर्षांची पोर, लग्नाच्या आधल्या दिवशी, माझी लाज झाकायला स्वतःवर आळ घेऊन निघून गेलीस. नवऱ्यालाही बोलू दिलं नाहीस. मला पत्ता लागू दिला नाहीस. या उपकाराला मी काय करू ते मला कळत नाही. फेडायचं म्हटलं तर तू मोठी होऊन बसलीस आणि मी धाकटी. तेव्हा फेडत नाही. नुसती घेते. तू दिलंस, मी घेतलं, आणि मी फार सुखात आहे, एवढंच कळवायचं होतं.

शुक्रवारी येते. सकाळची बस, अकराला तुमच्या फाटकाशी सोडतात म्हणालीस. मुकादमाला सांगून ठेव की माझ्या हातात कात्री द्यायची, म्हातारी म्हणून सावलीत बसवायचं नाही. हेडक्लार्कही येतो म्हणत होता, त्याला मी परस्पर कटवलंय. भाचीला तिचा अभ्यास सोडून बोलवू नकोस. तिचा पत्ता दे, तिला मी लिहीन, आणि आलेलं पत्र उघडून वाचायचं असतं हेही लिहीन.

आणि फाटकाशी तूच ये. मेहुण्यांना पाठवू नकोस. ते फार चांगले आहेत, पण मी त्यांच्यासाठी येत नाहीये.

तुझीच,
ताई